देऊळ सुटलं, आता बसायचं कुठे?

टाळकरी

आमचं घर माळकरी. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, वडिलांच्या आहे, माझ्याही गळ्यात शाळेत असतानाच घातली. गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या सात दिवसांत वीणा खाली ठेवत नाहीत. कोणीतरी ती गळ्यात अडकवून उभं असतं, अगदी रात्रभर. त्यासाठी पहारे लावतात. मोठा झाल्यावर मला रात्री दोन ते चारचा पहारा मिळायचा. मंडपात एक-दोन म्हातारे घोंगडी पांघरून झोपलेले असायचे. मी तार छेडत उभा राहायचो, नाम घ्यायचो, मधूनच समईत तेल घालायचो. चार वाजता पुढचा माणूस यायचा. आम्ही एकमेकांच्या पाया पडायचो, मग वीणा त्याच्या गळ्यात जायची.

मी गे आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. एका वर्षी कीर्तनकार महाराज रंगात आले आणि पुरुषापुरुषांच्या संसारावरून काहीबाही बोलले. अख्खा मंडप हसला. माझ्या हातात टाळ होते आणि माझे वडील माझ्या शेजारी उभे होते. त्यानंतर मी सप्ताहाला गेलो नाही. माळही उतरवली. घरी सगळं सांगितलेलं आहे. आई बोलते, वडील कामापुरतं बोलतात.

आता पुण्यात असतो. नोकरी आहे, जोडीदार आहे, मित्र आहेत, प्राइडला जातो. विठ्ठल आहे की नाही या प्रश्नाने माझी झोप उडत नाही. पण दोन ते चारच्या पहाऱ्यात जे मिळायचं ते मला पुन्हा हवं आहे. योगाच्या वर्गात ते मिळालं नाही, ध्यानाच्या अ‍ॅपमध्ये नाही. धर्मात परत जायचं नाही. तुमच्यापैकी कोणी असं काही उभं केलंय का? काय करता, कुठे बसता, कोणाबरोबर बसता?

शारदीय

लेख आवडला, पण एक विचारू का? एका कीर्तनकाराच्या अज्ञानापायी धर्म सोडायचं कारण काय? आपल्याकडे अर्धनारीश्वर आहे, मोहिनी आहे, शिखंडी आहे. घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वर कोरलेला आहे, जाऊन बघा. हिंदू परंपरेने कधी कोणाला बाहेर काढलं नाही.

टाळकरी

@शारदीय, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. हे दाखले मीही गोळा करत होतो. वडिलांना द्यायचो, चुलत्यांना द्यायचो. पण दर वेळी दाखला पुढे करायचा म्हणजे दर वेळी दारात उभं राहून ‘आत येऊ का’ विचारायचं. आणि अर्धनारीश्वर हे शिवपार्वतीचं रूप आहे, त्यात मला माझं आणि माझ्या जोडीदाराचं घर दिसत नाही. दुसऱ्या कुणाला दिसत असेल तर आनंदच आहे.

धम्मपथिक_नागपूर

@शारदीय, ‘कधी कोणाला बाहेर काढलं नाही’ हे वाक्य जपून वापरा. चोखोबांची समाधी पंढरपुरात कुठे आहे? महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. देवळाच्या बाहेर. त्यांच्या माणसांना आत जाऊ द्यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. टाळकरी यांना देऊळ ‘सुटलं’ तरी. आमच्या आजोबांना ते सुटायलाही कधी मिळालं नव्हतं.

धाग्याच्या विषयावर सविस्तर नंतर लिहितो. सध्या कामावर आहे.

[प्रतिसाद काढून टाकला आहे. – संपादक मंडळ]

विवेकी

संपादकांनी वरचा प्रतिसाद काढला हे बरं केलं, पण तो ज्यांनी आधीच वाचला त्यांच्यासाठी लिहितो. ‘गुरुजींकडे यावर उपाय आहे’ असं कोणी सांगितलं तर तिथे जाऊ नका. डॉक्टर सांगत असेल तरीही नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली असल्या लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ उपचारांवर बंदी घालायला सांगितली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. दाभोलकरांनी किती वर्षं घालवली आणि काय किंमत मोजली हे इथे सांगायला नको. अशा बुवांकडे नेलेली गे मुलं मी कार्यकर्ता म्हणून पाहिली आहेत. आईवडिलांच्या मनात मुलाचं वाईट व्हावं असं नसतं, तरी मुलाच्या अंगावर वळ उठलेले असतात.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. मला ‘अध्यात्म’ हा शब्दच नको वाटतो. त्याच्या मागोमाग कोणीतरी गुरू येतोच. मला जे मिळतं ते हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी पहाटे बसल्यावर मिळतं. त्यासाठी कुठलीही शक्ती मानावी लागत नाही.

इगतपुरीचा_पाहुणा

टाळकरी, मीही गे, वय चाळिशीच्या आसपास. मला इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात मिळालं. निदान अर्धं तरी मिळालं.

दहा दिवसांचं शिबिर असतं. पूर्ण मौन, पहाटे चारला घंटा. पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण केल्यावर द्यावंसं वाटलं तर दान द्यायचं. पहिले तीन दिवस नुसता नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना तपासत जायचं, जे असेल ते बघायचं, त्याला ढकलायचं नाही की धरून ठेवायचं नाही. मग ‘अधिष्ठान’ येतं. तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत.

मला नेमकं काय झालं ते सांगतो. वडिलांचा आवाज आठवला की माझ्या पोटात डाव्या बाजूला एक गोळा यायचा. वर्षानुवर्षं मी त्याला ‘पाप’ समजत होतो. तिथे तासभर त्या गोळ्याकडे बघत बसलो. तो गरम होता, कडा धडधडत होत्या, मग तो पसरला, मग मुंग्या आल्यासारखं झालं आणि गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. त्याच्या अंगावर ‘पाप’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पोटातला एक स्नायू, इतकंच. एवढं कळलं आणि मी खोलीवर जाऊन खूप रडलो.

अडचण पुढे आली. घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास एकट्याने बसायचं. काही महिने बसलो, मग सुटलं. आणि तिथे पुरुष एकीकडे, स्त्रिया एकीकडे अशी विभागणी आहे. माझी एक ट्रान्स मैत्रीण फॉर्म भरतानाच अडखळली.

धम्मपथिक_नागपूर

आता बसून लिहितो.

पाहुण्यांचा अनुभव खरा आहे, पण विपश्यना म्हणजे सगळा धम्म नव्हे. आमच्या घरात १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आजीकडून ऐकलेला आहे. दीक्षाभूमीवर ती कडेवरच्या पोरासकट गेली होती. तिथे जमलेले लाखो लोक डोळे मिटून स्वतःच्या आत जायला आले नव्हते, एकमेकांसोबत उभे राहायला आले होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात स्पष्टच मांडलंय की माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकत्र राहायला लागली की मग ती आवडो न आवडो, धम्म लागतोच. धम्म म्हणजे माणसामाणसांतला नीट व्यवहार.

म्हणून टाळकरी, मला वाटतं तुम्ही नाम शोधत नाही आहात. चार वाजता येणारा माणूस शोधताय.

मीही गे आहे, आणि बौद्ध आहे, आणि विहारात मला दर रविवारी ‘लग्नाचं काय’ हे ऐकावं लागतं. आमच्याकडे नरकाची भीती घालणारं कोणी नाही, पण वस्तीत तोंड दाखवायची भीती आहेच. तरी मी जातो. त्रिशरण-पंचशील म्हणताना आजीचा आवाज कानात असतो. मला धर्माबाहेर जायचं नाही. ‘धर्माबाहेर’ हा तुमच्या धाग्याचा सूर मला पूर्ण पटलेला नाही, पण तुमची गरज पटली.

टाळकरी

‘चार वाजता येणारा माणूस’ वाचून थोडा वेळ उठून फिरून आलो. बरोबर आहे तुमचं. वीणा एकट्याने धरता येतच नाही. सात दिवस कोण उभा राहणार?

@विवेकी, कोकणकडा मलाही आवडतो. पण तिथून खाली उतरल्यावर तुमच्या दुखण्या-खुपण्याला कोण येतं? मंडपातली ती माणसं घरात मयत झाली की न बोलावता यायची, लाकडं आणायची, भजन धरायची.

विवेकी

हा मुद्दा रास्त आहे. चळवळीत ते मिळतं, पण सगळेच चळवळीत येत नाहीत.

वसईकर

मी वसईचा कॅथलिक. लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात होतो. पाप-कबुलीच्या वेळी एका फादरना सांगितलं, ते ओरडले नाहीत, पण ‘वृत्ती पाप नाही, कृती पाप आहे’ म्हणाले. म्हणजे माझं प्रेम माफ, फक्त ते कोणावर करायचं नाही. तिथून मी उठलो.

अमेरिकेत ट्रॉय पेरी नावाच्या पाद्र्याला समलिंगी म्हणून त्याच्या चर्चने काढलं. त्याने १९६८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ स्वतःच्या घराच्या बैठकीच्या खोलीत बारा माणसांसमोर प्रार्थना घेतली. तिथून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं, पुढे देशोदेशी गेलं. मला त्याचं कौतुक आहे. पण मला दुसरं चर्चही नको होतं.

मी एकच गोष्ट बरोबर घेऊन निघालो. जेझुइट फादरांनी शिकवलेली रात्रीची उजळणी. झोपण्याआधी दिवस सकाळपासून पुन्हा नजरेखालून घालायचा. कुठे जीव हलका झाला, कुठे आखडला, कोणाशी कोरडा वागलो, उद्या काय करायचं. ते देवाला सांगायचे, मी जोडीदाराला सांगतो. तो मला सांगतो. मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. दिवा मालवून अंधारात करतो, कारण उजेडात तोंड बघून खोटं बोलावंसं वाटतं. आमची भांडणं यामुळे शिळी होत नाहीत.

खाडीपलीकडे

वाचतेय सगळं. एवढ्या पुरुषांत एक बाई म्हणून लिहिते. कोकणी मुसलमान, लेस्बियन. नमाज सुटली, रोजे सुटले नाहीत. कोणासाठी धरते याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कोणी विचारू नये असं वाटतं. माझी जोडीदारीण हिंदू. ती रोजा धरत नाही, पण संध्याकाळी माझ्याआधी घरी येऊन फळं कापून ठेवते आणि मी पाणी प्यायल्याशिवाय तोंडात काही टाकत नाही. बाहेरच्यांना ह्यात धर्म दिसेल. मला त्यात ती दिसते.

एक सांगायचंय. पुरुषांना निदान मंडप, विहार, चर्चची बाकं सोडून यावं लागलं. आमच्यातल्या कित्येकींना मशिदीत जाऊन बसायची सवयच नव्हती, आमचं सगळं स्वयंपाकघरात. त्यामुळे आम्हाला जागा गेल्याचं दुःख कमी आणि आईशी अबोला झाल्याचं जास्त.

बे_एरियाकर

सॅन फ्रान्सिस्कोत कॅस्ट्रो भागात हार्टफर्ड स्ट्रीटवर झेन या बौद्ध ध्यानपंथाचं एक छोटं केंद्र आहे. तिथे इसान डॉर्सी नावाचे आचार्य होते. तरुणपणी बायकी वेशात नाचगाण्याचे कार्यक्रम करायचे, नशेत बुडालेले. मग शुनर्यू सुझुकींकडे झेन शिकले. एड्सच्या साथीत समलिंगी पोरं पटापट मरत होती, घरचे अंत्ययात्रेलाही येत नव्हते. १९८७ मध्ये डॉर्सींनी तिथेच मरणाऱ्यांसाठी ‘मैत्री’ नावाची शुश्रूषागृहाची सोय सुरू केली. केंद्रातली काही मंडळी घाबरली, तक्रार केली की ध्यानाची जागा ही, दवाखाना कशाला. डॉर्सींनी ऐकलं नाही. १९९० मध्ये ते स्वतः एड्सने गेले. मैत्री अजून चालू आहे, आता दुसऱ्या जागेत.

मी तिथे बसायला जातो. नागपूरकरांचं म्हणणं मला इथे बसून पटतं. त्या ध्यानाला वजन आहे ते तेव्हा शेजारी असलेल्या खाटांमुळे.

एक_आई

मला टंकायला वेळ लागतो, समजून घ्या. माझा मुलगा गे आहे. त्याने सांगितलं तेव्हा मी पोथीपुढे बसून होते, काय चुकलं माझं म्हणून. आता तसं वाटत नाही.

दिवाळीत पाडव्याला मी दोघांना पाटावर बसवून ओवाळलं. मुलगा म्हणाला, आई, आम्ही देव मानत नाही. मी म्हटलं, मी देवाला ओवाळत नाहीये, तुम्हाला ओवाळतेय. त्याचा जोडीदार पाटावर बसून रडायला लागला. त्याच्या घरी त्याला येऊ देत नाहीत. तेलाने माखलेल्या हातांनी मी त्याचे डोळे पुसले तर आणखीच चुरचुरले.

माझं विचारणं असं आहे. मला देव हवा, मुलाला नको. एका घरात कसं करायचं? मी संध्याकाळी दिवा लावून रामरक्षा म्हणते तर तो खोलीचं दार लावून घेतो. मला वाईट वाटतं.

टाळकरी

मावशी, तुमच्या रामरक्षेवर त्याचा राग नसावा. माझ्या आईने हरिपाठ धरला की मीही दार लावायचो. दार लावल्यावरही ऐकायचो. एकदा त्याला म्हणा, बाजूला नुसता बस, काही म्हणू नकोस. आणि तो नाही म्हणाला तर सोडून द्या. पाटावर बसला ना, ते थोडं नाही.

सहप्रवासी

मी सत्तरी पार केलेला पुणेकर. आमच्या तरुणपणी ‘समलिंगी’ शब्द छापलेला दिसला तरी छाती धडधडायची. त्या काळी आधार म्हणून दोन माणसं सापडली.

एक इंग्रज लेखक एडवर्ड कार्पेंटर. केंब्रिजला पाद्री होता, १८७४ मध्ये ते सोडलं. शेफिल्डजवळ मिलथॉर्प खेड्यात भाजीपाला लावला, चपला शिवल्या. १८९० मध्ये लंकेत एका ज्ञानी पुरुषाजवळ जाऊन बसला, मग भारत फिरला. त्याच्या प्रवासवर्णनाच्या नावातच आपली घारापुरी आहे. परतल्यावर जॉर्ज मेरिल या कामगाराबरोबर त्याने उघडपणे संसार केला, १८९८ पासून मेरिल १९२८ मध्ये जाईपर्यंत. इंग्लंडात समलिंगी संबंधांपायी तुरुंगवास होत असे, तेव्हाची ही गोष्ट. दोघांना एकाच थडग्यात ठेवलं आहे.

दुसरे अशोक राव कवी. १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला, हे बहुतेकांना माहीत असेल. त्याआधी ते संन्यासी व्हायला रामकृष्ण मिशनमध्ये राहिले होते, आणि तिथल्याच एका ज्येष्ठ स्वामींनी त्यांना सांगितलं की तू जसा आहेस तसा बाहेर जाऊन जग. मठातल्या माणसाने दार उघडून दिलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता माझं. माझा जोडीदार काही वर्षांपूर्वी गेला. आम्ही आयुष्य एका छपराखाली काढलं. विद्युतदाहिनीपाशी त्याचे पुतणे पुढे होते, मी मागे, ‘काकांचे मित्र’. अस्थी त्यांनी नेल्या. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, चहासुद्धा विचारला. मात्र दिवसांना बोलावलं नाही.

तेराव्या दिवशी आमचे मित्रमैत्रिणी घरी आले. मंत्र नाही, पिंड नाही. त्याचा चष्मा, शब्दकोडी सोडवायची पेन्सिल आणि अर्धवट सुटलेलं कोडं मधे ठेवलं. तो कुमार गंधर्वांचा वेडा होता. त्यांची निर्गुणी भजनं लावली. एका फुप्फुसावर गाणारा माणूस, आणि तो आवाज! प्रत्येकाने त्याची एक गोष्ट सांगितली. मग सगळ्यांनी मिळून ते कोडं पुरं केलं. शेवटचा शब्द कोणालाच येईना, तो मला आला. त्या रात्री मी पहिल्यांदा झोपलो.

ते लोक पुढच्या महिन्यात परत आले. त्याच्या पुढच्याही. आम्ही तासभर गप्प बसतो, मग कोणी गातं, कोणी वाचतं, मग पिठलं-भात. नाव काही दिलेलं नाही. कोण आजारी आहे, कोणाला डब्याची गरज आहे, हे तिथेच ठरतं.

टाळकरी

काका, तुमचा प्रतिसाद मी जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही दोघं येऊ शकतो का?

सहप्रवासी

या. टाळ घेऊन या. शेजारी चांगले आहेत, तरी दहानंतर नको.

खाडीपलीकडे

काका, तुमच्या पुतण्यांचं वाचून एक सांगते, कायद्याचं काम करते म्हणून. २०१८ च्या निकालाने आपण गुन्हेगार राहिलो नाही, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला. २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं, त्यानुसार जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर समलिंगी जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. ‘उपलब्ध नसतील तर’ हे लक्षात घ्या. नातेवाईक हजर असले की आपण पुन्हा मागच्या रांगेत. म्हणून मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसह, आणि अंत्यविधी कसा हवा ते वेगळं लिहून घरच्यांना हयातीतच वाचून दाखवा. कागदाने सगळं होत नाही, पण वाचून दाखवलेलं असलं की भांडायला तोंड राहतं.

धम्मपथिक_नागपूर

हे सर्वांत कामाचं. आमच्या इथे काही जणांना घेऊन हेच करतो. ध्यान नंतर.

सहप्रवासी

मृत्युपत्र झालेलं आहे. अंत्यविधीचा कागदही लिहायला घेतलाय. त्यात पुतण्यांनाही जागा ठेवली आहे, ती मुलं वाईट नाहीत. एकाच ओळीवर अडलो आहे, तिथे गायचं कोणी. टाळकरी, तू म्हणशील का? अभंग चालेल. देव असला तरी चालेल.

टाळकरी

म्हणेन, काका. मृदंगाला माणूस मी आणतो. अभंग कोणता ते मात्र तुम्ही सांगा.

सहप्रवासी

शनिवारी म्हणून दाखव दोन-तीन. ऐकून ठरवू.